नंतर बदलता येईल

शुक्रवारी जुम्म्यानंतर रूवीतलं आमचं दुकान भरतं.
काचेखाली चार्जर, कव्हरं, घड्याळाचे सेल,
काचेवर माझी कोपरं,
आणि समोर माणसं, हातात न उघडलेले फोन धरून,
नवजात पोर धरावं तशी.

फोन चालू करून देणे : एक रियाल.
पाटी अरबीत, हिंदीत, बांगलात.
मराठी गिऱ्हाईक हिंदी वाचतं, अशी मालकाची खात्री.
मी स्वतः खेडचा, तरी काही बोललो नाही.

अकरा वर्षं हेच.
भाषा. वाय-फाय. बोटाचा ठसा.
मंजूर, मंजूर, पुढे.
आता मधेच एक नवा पडदा येतो :
ब्राउझर निवडा.
पाच-सहा चित्रं, दर फोनवर वेगळ्या क्रमाने,
वर बसलाय म्हणून कुणी निवडून येऊ नये, यासाठी.
मी तरी वरच्यावरच टेकवतो अंगठा.
अर्ध्या सेकंदाचं काम.
आजवर कुणी हरकत घेतली नाही.

त्या दिवशी फुलवंती कांदळगावकर आली.
अल खुवैरच्या एका घरी स्वयंपाकाला असते.
मॅडमचा जुना फोन, पुसून कोरा केलेला,
ओढणीच्या टोकाला बांधून आणलेला.
माझा अंगठा उतरत होता
तेवढ्यात तिने पडद्यावर तळहात ठेवला.
"थांबा. ह्यां काय इचारता?"

मी म्हटलं, दार समजा.
काही शोधायचं, बघायचं, तर दर वेळी
आपोआप ह्याच दारातून जाल.
कुठलंही घ्या, सगळी तिथेच पोचतात.
"सगळी थंयच पोचतत, तर इचारता कित्याक?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं.
मागे सिल्हेटचा एक गवंडी खोकला.

ती बघत राहिली,
बोट न टेकवता एकेका चित्रावरून फिरवत,
वांगी न दाबता पारखावीत तसं.
मग बोलली, मला की फोनला, कळलं नाही.
विमान एजंटने ठरवलं.
स्वयंपाकघरामागची खोली मॅडमने,
सुट्टीचा वार साहेबांनी.
पासपोर्ट कुठल्या कपाटात, तेही तेच जाणोत.
घरातली मुलं तिला लीना म्हणतात.
आधीच्या बाईचं नाव लीना होतं.

"नंतर बदलूक येता?"
केव्हाही. फुकट.
"कोणाक इचारूचा लागणा नाय?"
नाही.
"एजन्सीक?"
नाही हो बाई.
"मगे ह्यां नोकरेपेक्षा बरां," म्हणाली,
आणि गवंडीसुद्धा हसला, त्याला काय कळलं कोण जाणे.

शेवटी तिने चौथं निवडलं.
आमच्या दुकानात ते कुणी घेतलेलं मला आठवत नाही.
हेच का, विचारलं.
"ह्येचा नाव माका पुरा वाचूक इला."
बोट टेकवलं, उचललं,
आणि पुन्हा एकदा टेकवलं, न लागता,
कुंडीतल्या रोपाभोवतीची माती दाबावी तसं.

एक रियाल, मी म्हटलं.
तिने पाचशे बैसे मोजून काचेवर ठेवले.
"निवडलंय मी. तुमी नुसतो फोन धरलात."
वर मालकाचा कॅमेरा.
उरलेले पाचशे मी माझ्या खिशातून गल्ल्यात टाकले
आणि पुढच्याला हाक मारली.
गवंड्याचा फोन उघडून त्याच्याकडे फिरवला, म्हटलं, तू सांग.
तो घाबरला.
म्हणाला, तुम्हीच दाबा, भाई, मला उशीर होतोय.

रात्री खोलीवर, सहा जणांच्या,
भिंतीकडे तोंड करून माझा फोन उघडला.
सेटिंग्जमध्ये शिरलो, शोधत शोधत.
तिथे लिहिलं होतं : निवडलेला आहे.
कुणी, ते लिहिलं नव्हतं.
अंगठा माझाच असणार.

खालीच बदलायचं बटण होतं. बराच वेळ बघत बसलो.
मग वरच्या बंकवरून सत्तार म्हणाला,
शौकत, उजेड बंद कर, सकाळी पाचला गाडी आहे.